प्रतिसाद: परिसंवादातली शिट्टी

परिसंवादात चारही माइक उघडे ठेवले की स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक) येते, असं तुम्ही लिहिलंत. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक (शिट्टी न येता आवाज जितका वाढवता येतो ती) ३ डेसिबलने घटते, चार उघडे असले की ६ डेसिबलने. शुअरचा एफपी ४१० हा स्वयंचलित मिक्सर बोलणाऱ्याचाच माइक उघडतो आणि जास्त उघडले तर एकूण पातळी आपोआप उतरवतो. पंख्याच्या सलग घरघरीने माइक उघडत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण गेन (प्रत्येक माइकची आवाज-पातळी) लावताना 'हॅलो, चेक' नको. वक्त्याला त्याच्याच खुर्चीत बसवून दोन वाक्यं नेहमीच्या आवाजात बोलायला लावा. शेवटी बोललेल्याचा माइक उघडा ठेवणारी मिक्सरची सोय चालूच असू द्या, नाहीतर विरामात सभागृहाचा आवाज एकदम तुटतो. तबला-पेटी असेल तेव्हा मात्र स्वयंचलन बंद करून सरळ मॅन्युअलवर जा.