मदत हवी आहे : १९२४ची ह्युगेनॉट-वालून तिकिटं कशी मांडू?

मंडळी, जरा मदत करा. धर्मापायी देश सोडून अमेरिकेत वसलेल्या लोकांवर लायब्ररीत छोटं प्रदर्शन लावतोय, त्यात ह्युगेनॉट (फ्रान्समधले प्रोटेस्टंट) आणि वालून (आजच्या दक्षिण बेल्जियमकडचे फ्रेंच बोलणारे लोक) यांच्यावरची अमेरिकन पोस्टाची १९२४ची तीन तिकिटं आहेत. १ सेंटवर नियू नेदरलँड जहाज, २ सेंटवर फोर्ट ऑरेंजला म्हणजे आजच्या ऑल्बनीला उतरणारी वालून कुटुंबं, ही दोन्ही १६२४चीच गोष्ट सांगतात, पण ५ सेंटचं निळं तिकीट फ्लोरिडातल्या रिबो या ह्युगेनॉट दर्यावर्दीच्या स्मारकाचं, आणि रिबो तिथे १५६२लाच आलेला! मग ते आधी लावू की शेवटी?

त्याच वर्षीचं अर्ध्या डॉलरचं नाणंही आहे, त्यावर ह्युगेनॉटांचा पुढारी कॉलिन्यी आणि डच बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज. एकाला १५७२ला मारलं, दुसऱ्याला १५८४ला, म्हणजे ते जहाज दोघांनीही पाहिलेलं नाही. माझ्या मते मधोमध ती कुटुंबंच हवीत, पुढाऱ्यांचं नाणं बाजूला, आणि फोर्ट ऑरेंजची जमीन तिथल्या मूळ रहिवासी मोहिकन लोकांची होती हेही ठळक लिहायचंय. तुम्हाला काय वाटतं?

अजून एक, तिकिटांचा मागचा गोंद शाबूत आहे, हिंज (तिकीट चिकटवायची छोटी कागदी पट्टी) न चिकटवता फ्रेममध्ये कशी बसवता तुम्ही? अनुभव असेल त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.