अंगणवाडीसाठी ग्रामपंचायतीचा निधी: युवक मंडळाने मागणी कशी मांडावी?

युवक_मंडळ: आमच्या मंडळात १६ ते २२ वयाची मुलं-मुली आहेत. गावच्या अंगणवाडीत खेळणी मोडलेली आहेत आणि नळाला पाणी नाही. ग्रामसभेत विषय काढला की ‘अंगणवाडी पंचायतीची नाही, बालविकास प्रकल्प कार्यालयाला लिहा’ असं सांगतात. कोणत्या निधीतून मागायचं आणि कधी? १८ खालच्यांना सभेत काही करता येईल का?

पंचायत_दप्तर: मिळालेलं उत्तर अर्धंच खरं आहे. सेविका-मदतनीसांचं मानधन आणि पोषण आहार एकात्मिक बालविकास योजनेतून येतो, ते पंचायतीकडे मागू नका. पाणी, शौचालय, दुरुस्ती, खेळसाहित्य यावर मात्र पंचायत खर्च करू शकते.

पंचायतीच्या स्वउत्पन्नातले (घरपट्टीसारख्या स्वतःच्या वसुलीतले) १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. जिथे घरपट्टी थकलेली असते तिथे ही रक्कम तुटपुंजी निघते. म्हणून नळ आणि शौचालयाचं काम त्यात घालू नका, सगळी रक्कम तिथेच संपेल. ती कामं वित्त आयोगाच्या बंधित निधीत, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या पैशात, बसतात. पंधराव्या आयोगात ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. छताची दुरुस्ती आयोगाच्याच उरलेल्या, अबंधित निधीतून मागा. १० टक्के साहित्यासाठी राखा. मागच्या वर्षी त्या १० टक्क्यांतून नेमकं काय घेतलं, हे जमाखर्चातून आधी पाहून ठेवा.

आराखडा_कार्यकर्ता: वरच्या उत्तरात वेळेचा मुद्दा राहिला. २६ जानेवारीच्या सभेत जोरात बोलून फारसं हाती लागत नाही, कारण तोवर पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा बहुधा ठरलेला असतो. १५ ऑगस्ट ते डिसेंबर हा खरा काळ. काम आराखड्यात येऊन ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढलं नाही तर त्याचं देयक निघणं अवघड होतं, मग ठराव कितीही एकमताने झालेला असो.

‘अंगणवाडी सुधारावी’ असा ठराव निरुपयोगी आहे. अंगणवाडीचा क्रमांक, काम, माप किंवा नग, अंदाजे रक्कम आणि निधीचं नाव, एवढं त्यात हवंच. बांधकाम असेल तर शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक आधी घ्या. आणि ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत हीच मागणी मंजूर करून घ्या. लहान मुलांच्या आया तिथे मोकळेपणी बोलतात, ही तुमची सर्वात भक्कम बाजू आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढे लोक आणायची जबाबदारी मंडळाने घ्यावी.

बालशिक्षण_ताई: १८ खालच्यांना ग्रामसभेत मत नाही, कारण सभासद मतदारच असतात. त्यांच्यासाठी बालसभा, म्हणजे गावातल्या मुलांची वेगळी सभा, आहे. तिची मागणी लेखी इतिवृत्तात नोंदवून ग्रामसभेपुढे ठेवायला लावा. वाड्यावस्त्यांवर फिरून ३ ते ६ वयाची किती मुलं अंगणवाडीत येत नाहीत आणि का, ही यादी याच मुलांनी करावी. अंतर, पाणी, वेळ अशी कारणं वेगवेगळी लिहा, कारण प्रत्येकाला वेगळा निधी लागतो.

साहित्याची यादी मात्र सेविकेशी बसून करा. मार्चअखेर घाईने घेतलेल्या प्लास्टिकच्या घसरगुंड्या उन्हात तडकतात. त्यापेक्षा कडा गोल केलेले लाकडी ठोकळे घ्या, ५-६ मुलांच्या गटाला निदान ६०-७० नग. सोबत मण्यांच्या पाट्या, चित्रपुस्तकं आणि मुलांचा हात पोचेल असं बुटकं कपाट. तीन वर्षांखालची मुलंही येत असतील तर सुट्टे बारीक तुकडे टाळा, घशात अडकतात.

आणखी एक अडचण हमखास येते: साहित्य कुलपात राहतं. डेडस्टॉकला (कायम टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढलेली वस्तू मोडली तर जबाब सेविकेला द्यावा लागतो, म्हणून ती बाहेर काढायलाच धजत नाही. खडू, कागद, रंग आणि ठोकळे झिजणारं साहित्य म्हणून वेगळे नोंदवावेत, असं ठरावातच लिहून घ्या. त्याच ठरावात पुढच्या वर्षीच्या भरपाईसाठी छोटी रक्कमही धरा.