अपडेट घेतल्यापासून बॅटरी टिकंना, वावरात नेट चालंना – मदत हवी आहे, अर्जंट

जिंतूर_शिवार
नमस्कार मंडळी. फोनला रात्री अपडेट आलं, घेतलं, तेव्हापासून सगळं बिघडलंय. सकाळी पूर्ण चार्ज करून निघालो की दुपारच्या आत १५ टक्क्यांवर. खिशात नुसता ठेवला तरी गरम होतो. रेंजच्या दोन काड्या दिसतात पण नेट चालत नाही. फोन लावला की मधेच कट. घरच्यांनी लावला तर त्यांना संपर्क क्षेत्राबाहेर सांगतंय. त्यात ई-पीक पाहणी (वावरातल्या पिकाची सातबाऱ्यावर ॲपनं नोंद) करायची राहिलीय, मुदत संपत आली, आणि ॲप लोकेशनवर येऊन जे अडकतं ते पुढं सरकंना. रिस्टार्ट करून झालंय, ते सांगू नका. जुनं सॉफ्टवेअर परत कसं टाकायचं तेवढं सांगा. लवकर सांगा.

गोदाकाठ
फोन कोणता, किती जुना, अँड्रॉइड कितवं? अपडेट मोठं होतं (व्हर्जन बदलणारं) की महिन्याचं सुरक्षेचं? सिम एक की दोन? त्रास गावात पण होतो की फक्त वावरात? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काही सांगितलं तरी तो अंदाजच.

नांदेड_सिडको
सरळ फॉरमॅट मारा. माझ्या फोनला असंच झालं होतं, फॉरमॅट मारल्यावर नव्यासारखा झाला. मोठ्या अपडेटनंतर जुन्या सेटिंगचा कचरा राहतो, तो गेल्याशिवाय काही खरं नाही.

वसमत_मोबाईल_रिपेअरिंग
सिडको साहेब, लोकांना पहिला उपाय म्हणून फॉरमॅट सांगू नका. दुकानात रोज बघतो. फॉरमॅट मारून येतात आणि मग फोटो परत द्या, व्हॉट्सॲप परत द्या म्हणून बसतात. बँकेचं ॲप नव्यानं नोंदवायला त्याच नंबरवरून मेसेज जावा लागतो, आणि यांच्याकडं तर रेंजचीच बोंब आहे. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

जिंतूरकर दादा, आधी बॅटरी फुगली का बघा. फोन सपाट टेबलावर ठेवा, पाठीमागं उचलल्यासारखा वाटला किंवा डिस्प्ले कडेनं सुटला असला तर चार्जिंगला लावूच नका, आधी दुकानात न्या.

जिंतूर_शिवार
बॅटरी फुगली नाही, बघितलं. फोन ५जी आहे, पंधरा हजाराच्या आतला, वॉरंटी संपलीय. मॉडेल घेऊन काय करायचं, अपडेट घेईपर्यंत चांगला चालत होता, अपडेटनं बिघडला एवढं उघड आहे. जुनं सॉफ्टवेअर टाकायचं विचारलंय मी.

वसमत_मोबाईल_रिपेअरिंग
त्याचंच उत्तर देतो. जुनं सॉफ्टवेअर मारायचा नाद सोडा. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, फोनमध्ये मागं जाण्याला आडकाठी घालायची सोय आली. कंपनीनं ती लावलेली असली तर जुनं सॉफ्टवेअर टाकल्यावर फोन चालूच होत नाही. बूटलोडरचं लॉक (दुसरं सॉफ्टवेअर टाकता येऊ नये म्हणून कंपनीनं लावलेलं कुलूप) उघडून टाकायचं म्हटलं तर उघडताना सगळा डेटा पुसला जातो, आणि उघडं लॉक दिसलं की बँकेची आणि पैशाची बरीच ॲप चालायचं नाकारतात. काही कंपन्या तर उघडूच देत नाहीत. कोणी पाचशे रुपयांत करून देतो म्हटलं तरी देऊ नका.

सेलू_गुरुजी
मी तर अपडेट घेणंच बंद केलं आहे. चालत्या फोनला हात कशाला लावायचा? निवृत्त झाल्यापासून हाच फोन आहे, एकही अपडेट घेतलं नाही, दीड दिवस बॅटरी पुरते.

लातूर_ॲपवाली
गुरुजी, क्षमा करा, पण हा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. अँड्रॉइडची सुरक्षेची अपडेट २०१५ पासून दर महिन्याला निघतात. एखादी फट सापडली की तिची माहिती जाहीर होते, म्हणजे जे अपडेट घेत नाहीत त्यांच्या फोनची कुठली कडी सुटली आहे ते चोरालाही कळतं. तुमच्या फोनमध्ये पेन्शनचं खातं असेल. नेहमीचं मोठं अपडेट आठवडाभर थांबून घ्या, लोकांच्या तक्रारी वाचून घ्या, पण सुरक्षेचं टाळू नका.

आणि मूळ प्रश्नाबद्दल: मोठ्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन आतल्या आत काम करत असतो. सगळी ॲप नव्या व्हर्जनसाठी पुन्हा जुळवतो, फोटो परत चाळतो. तेव्हा तो गरम होणं आणि बॅटरी जास्त जाणं साहजिक आहे. रात्री वायफायवर, चार्जरला लावून ठेवलं की हे काम उरकतं. अपडेट नेमकं कधी घेतलं?

जिंतूर_शिवार
आठवडा होऊन गेला. वायफाय कुठलं आणता, आखाड्यावर (वावरातल्या घरी) लाईटच धड नसते.

सेलू_गुरुजी
ताई, मुद्दा पटला. पण कंपन्या अपडेटच्या नावाखाली जुने फोन मुद्दाम मंद करतात हे तर सिद्ध झालेलं आहे ना?

लातूर_ॲपवाली
ते एका वेगळ्या प्रकरणात. ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरनं कमी केला जातो. कारण दिलं ते फोन अचानक बंद पडू नये हे. २०१८ मध्ये इटलीत ॲपल आणि सॅमसंग दोघांना दंड झाला. त्या दंडाच्या आधीच, मार्च २०१८ मध्ये, आयफोनमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय आली होती. पण इथं दादांची तक्रार वेग कमी झाल्याची नाही, रेंजची आहे. दोन्हीची गल्लत नको.

परभणी_वसाहत
तुम्ही सगळे सॉफ्टवेअरच्या मागं लागलात, उन्हाकडं कोणी बघंना. आपल्या परभणीचा पारा मे महिन्यात ४४ च्या पुढं जातो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करूच नये असं असतं. ट्रॅक्टरच्या पुढच्या काचेखाली फोन ठेवून चार्जिंगला लावला की बॅटरीची वाट लागते, आणि दोष अपडेटला. २० हजार एमएएचची पावर बँक घ्या, माझ्याकडं दोन आहेत, आखाड्यावर दोन दिवस चिंता नाही.

गोदाकाठ
वसाहतकर, उन्हाचं खरं आहे, पण उन्हानं बॅटरी हळूहळू मरते, एका रात्रीत नाही. आणि पावर बँकेनं त्यांचं नेट चालणार आहे का? आत्ता पिकात पाणी उभं आहे, मे महिना नाही.

जिंतूरकर, माझे प्रश्न अजून तसेच आहेत. सिम किती? गावात पण असंच होतं का? आणि सेटिंगमध्ये बॅटरी उघडा, तिथं कशानं किती बॅटरी खाल्ली याची यादी असते. ॲपची यादी आणि सिस्टीमची यादी, दोन्ही बघा. सगळ्यात वर काय आहे ते इथं लिहा.

जिंतूर_शिवार
यादीत मोबाईल नेटवर्क सगळ्यात वर आहे. त्याच्या खाली स्क्रीन, मग व्हॉट्सॲप. गावात, जिंतूरला गेलो की जरा बरं चालतं. वावर टेकडीच्या पलीकडं आहे, तिथं आधीपासून रेंज कमीच, पण बोलण्यापुरती यायची. सिम दोन आहेत. एकाचंच रिचार्ज आहे, दुसरं संपून बरेच दिवस झाले, तसंच पडून आहे.

गोदाकाठ
हे पहिल्यांदा सांगितलं असतं तर एवढी पानं लागली नसती.

मोबाईल नेटवर्क पहिल्या नंबरवर म्हणजे तुमची बॅटरी रेंज शोधण्यात जातेय. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो. त्यात ५जीचा सिग्नल वावराच्या कडेला कधी येतो कधी जातो, मग फोन ५जीवर उडी मारतो, परत ४जीवर येतो, परत ५जी शोधतो. दोन काड्या दिसूनही नेट न चालण्याचं आणि फोन कट होण्याचं कारण बहुतेक हेच. मोठ्या अपडेटनंतर नेटवर्कची निवड आपोआप ५जीवर गेलेली मी दोन-तीन फोनमध्ये पाहिली आहे. आणि ते दुसरं सिम रिचार्ज नसलं तरी टॉवर शोधत बसतंच.

आता क्रमानं करा. सिम व नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिल्या सिमला पसंतीचं नेटवर्क ४जी करा. दुसरं सिम तिथंच बंद करा, काढायची गरज नाही. पहिल्या सिमचं व्होल्ट (VoLTE, म्हणजे ४जीवरूनच बोलायची सोय) चालू आहे का बघा. मग विमान मोड लावून अर्ध्या मिनिटानं काढा.

नांदेड_सिडको
त्यापेक्षा डायलरवर *#*#४६३६#*#* दाबा, त्यात फक्त एलटीई निवडा. एकदम पक्कं ४जी. मी तेच ठेवतो.

वसमत_मोबाईल_रिपेअरिंग
पुन्हा तेच. सगळ्या कंपन्यांच्या फोनवर तो मेनू येत नाही. आणि फक्त एलटीई केलं आणि व्होल्ट बंद असलं तर नेट चालेल पण फोनच येणार नाही, कारण २जीवर उतरायची वाट बंद होते. रात्री घरात कोणी आजारी पडलं आणि फोन लागला नाही तर? साध्या सेटिंगमधलं ४जी ठेवलं की खालची वाट उघडी राहते. तेच ठेवा.

नांदेड_सिडको
माझा कधी अडला नाही. पण व्होल्टचं बरोबर आहे, ते चालू असायलाच पाहिजे.

हिंगोली_बँकवाली
दुसऱ्या सिमबद्दल एक बोलते. त्या नंबरवर कोणतं खातं जोडलेलं आहे का? ९० दिवस काहीच वापर नसला आणि सिममध्ये २० रुपयेही शिल्लक नसले तर कंपनी तो नंबर बंद करून पुढं दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे ओटीपी अनोळखी माणसाकडं. काउंटरवर हे प्रकरण आलं की निस्तरताना सगळ्यांना फार त्रास होतो. खातं जोडलेलं असेल तर लहान रिचार्ज मारा, किंवा बँकेत जाऊन नंबर बदला.

जिंतूर_शिवार
पीककर्जाचं खातं त्याच नंबरवर आहे. आज रिचार्ज मारतो, आणि बँकेत पण जातो. ४जी केलंय, दुसरं बंद केलंय. बॅटरीचं उद्या कळेल. पण पीक पाहणीचं लोकेशन अजून येईना. जीपीएसला नेट लागतं ना, वावरात नेटच नाही तर कसं होणार?

लातूर_ॲपवाली
नाही, जीपीएस उपग्रहावरून चालतं, नेट नसलं तरी जागा सापडते. नेट असलं की उपग्रहांची माहिती पटकन मिळते आणि काही सेकंदांत काम होतं. नसलं तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून हळूहळू घ्यावी लागते, त्याला काही मिनिटं लागू शकतात. झाडाखाली किंवा पत्र्याखाली उभं राहू नका, मोकळ्यावर या.

पण मला वेगळीच शंका आहे. पीक पाहणीचं ॲप तुम्ही गेल्या हंगामानंतर उघडलं होतं का?

जिंतूर_शिवार
नाही. हंगामातच लागतं ते, मधे कशाला उघडू.

लातूर_ॲपवाली
मग सापडलं. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, जे ॲप काही महिने उघडलं जात नाही त्याला दिलेल्या परवानग्या फोन आपोआप काढून घेतो. लोकेशन, कॅमेरा, सगळं. वर्षातून एक-दोनदा उघडायच्या ॲपला हा फटका हमखास बसतो, आणि शेतकऱ्यांची बरीच ॲप हंगामीच आहेत. याचा अपडेटशी काही संबंध नाही, दोन्ही एकाच वेळी समोर आलं एवढंच.

ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, माहितीत जा, परवानग्या उघडा. लोकेशनला ॲप वापरताना परवानगी द्या आणि त्याच्या खालचं अचूक स्थान चालू करा. ते बंद असलं तर फोन अंदाजे भाग सांगतो, आणि पीक पाहणीला गटापासून (सातबाऱ्यावरच्या तुमच्या जमिनीच्या तुकड्यापासून) ५० मीटरच्या आत उभं राहून फोटो काढावा लागतो, अंदाज चालत नाही. कॅमेऱ्याची परवानगी पण बघा. तिथंच खाली वापरात नसलेल्या ॲपची कामं थांबवण्याचं बटण असतं, ते या ॲपपुरतं बंद करा. बॅटरी सेव्हर लावलेला असला तर फोटो काढेपर्यंत काढून ठेवा, त्यानं लोकेशनवर गदा येते.

परभणी_वसाहत
नाहीच जमलं तर शेजाऱ्याच्या फोनवरून करा, एका फोनवरून दुसऱ्या खातेदाराची नोंद करता येते. गावाला नेमलेला सहायक पण असतो, त्याला गाठा. मुदत फोनसाठी थांबत नाही. सातबाऱ्यावर सोयाबीन चढलं नाही तर हमीभावाच्या नोंदणीला आणि नुकसानीच्या वेळी दारोदार फिरावं लागतं.

जिंतूर_शिवार
ताई, लोकेशनची परवानगी खरंच बंद होती. चालू केली, बांधावर मोकळ्यात थांबलो, थोडा वेळ फिरत राहिलं आणि आलं. सोयाबीन आणि तूर दोन्हीचे फोटो निघाले. वावरात नेट नव्हतं म्हणून नोंद फोनमध्येच साठवली. बॅटरी काल संध्याकाळी घरी येईपर्यंत ४० वर होती, फोन गार आहे. फोन अजून टेकडीपाशी कट होतो. त्यासाठी आता नेटवर्क रिसेट मारू का?

गोदाकाठ
नेटवर्क रिसेटनं फोटो-मेसेज जात नाहीत, वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या तेवढ्या जातात. पण त्याआधी पीक पाहणीची नोंद गावात येऊन अपलोड करा. साठवलेली नोंद फोनमध्येच आहे, तलाठ्याकडं पोहोचलेली नाही. ती वर जाईपर्यंत ॲप काढू नका, ॲपचा डेटा पुसू नका, आणि फॉरमॅटचं तर नावच काढू नका.

टेकडीचं म्हणाल तर रिसेटनंतरही फोन तिथंच कट झाला आणि गावात नीट चालला, तर तो टॉवरचा प्रश्न आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या माणसाला तिथं उभं करून बघा. त्याला रेंज आली तर तुमच्या सिम कंपनीकडं जागा नेमकी सांगून तक्रार टाका आणि तक्रारीचा क्रमांक घ्या.

जिंतूर_शिवार
बसस्टँडवर येऊन अपलोड केलं, झालं. दोन्ही पिकं ॲपमध्ये दिसायलीत. टेकडीपाशी चुलतभावाच्या फोनला रेंज येते, त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे. रिसेट मारलं तरी माझा तिथंच कट होतो, म्हणजे फोनचं दुखणं नाही. तक्रार टाकलीय, क्रमांक आलाय. पिकं निघेपर्यंत वाट बघतो, नाहीतर नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो.