शब्दचर्चा : बजावणी झाली, अंमल झाला का?

प्रश्न : माहिती तंत्रज्ञान कायद्यावरच्या एका पुस्तिकेचं मराठी तपासतोय. नोटीस पोहोचली तरी ‘अंमलबजावणी’ आणि दंड वसूल झाला तरी ‘अंमलबजावणी’च. परदेशी कंपन्यांच्या प्रकरणात तर वाचणारा पार गोंधळतो. कोर्टाच्या कामातल्या कुणी वेगळे शब्द सुचवाल का?

उत्तर : मी कोल्हापुरात दिवाणी दाव्यांचे अर्ज लिहितो. आमच्याकडे ‘बजावणी’ आणि ‘अंमल’ हे दोन शब्द कधीच एकत्र नांदत नाहीत. बेलीफ समन्स ‘बजावतो’. निकाल लागल्यावर पैसे मिळाले नाहीत तर ‘दरखास्त’ दाखल होते, मग जप्ती. बजावणीला कागद आणि सही पुरते. अंमलाला हाताशी काहीतरी लागतं : माणूस, जागा, बँकेतलं खातं.

शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याचं सांगतो. त्यांच्या दुकानाच्या पाटीचा फोटो लावून कुणीतरी समाजमाध्यमावर खोटं पान काढलं. लोक तिथे आगाऊ पैसे भरायचे आणि ढेपा मागायला यांच्या दारात यायचे. वकिलांनी त्या कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला रजिस्टर एडीने नोटीस पाठवली. गुलाबी पोचपावती परत आली, त्यावर गोल शिक्का, खाली सही. बजावणी अगदी चोख. मागोमाग उत्तर आलं : आम्ही इथे जाहिरातींचं काम बघतो, सेवा परदेशातली मूळ कंपनी चालवते, तिकडे लिहा. पान तसंच चालू. त्या माणसाच्या तीन पिढ्यांच्या नावाचा प्रश्न होता, म्हणून मला या शब्दांचं एवढं लागतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. 50 लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने अनुपालन अधिकारी (नियम पाळले जातात ना हे बघणारा), पोलिसांशी संपर्कासाठी अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकारी नेमायचे, आणि तिघेही भारतात राहणारे हवेत. ‘राहणारे’ हा शब्द भाषांतरात गाळू नका, सगळा जीव त्यात आहे. कायद्याचं कलम 75 भारताबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही लागू होतं, त्या गुन्ह्यात गुंतलेला संगणक भारतातला असला की झालं. पण कायदा लागू होणं वेगळं आणि त्याचा अंमल होणं वेगळं.

ब्राझीलचं उदाहरण घ्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एक्स’ (पूर्वीचं ट्विटर) बंद केलं. कारणांतलं एक कारण असं की देशात कंपनीचा कायदेशीर प्रतिनिधीच उरला नव्हता. एक्स आणि स्टारलिंक (इलॉन मस्क यांचीच उपग्रह इंटरनेट सेवा) यांच्या ब्राझीलमधल्या खात्यांतून दंडाची रक्कम वळती केली. प्रतिनिधी नेमला गेला, राहिलेला दंड भरला, तेव्हा ऑक्टोबरात बंदी उठली. याला मी बिनदिक्कत ‘अंमल’ म्हणेन.

दुसरं उत्तर : वकील आहे, भर घालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ प्रमाणे काही ठरावीक देशांच्या न्यायालयांचे हुकूमनामे, म्हणजे दिवाणी दाव्यांतले निकाल, आपल्याकडे दरखास्तीला चालतात. ब्रिटन त्या यादीत आहे, अमेरिका नाही. शिवाय कर आणि दंड त्यातून वगळलेत. म्हणजे एका सरकारने लावलेला दंड दुसऱ्या देशातलं कोर्ट या वाटेने वसूल करून देत नाही. म्हणून तिथे ‘वसुली’ हा शब्द जपून. आणि ‘परकीय न्यायालय’ म्हटलं की कोल्हापूरकरांनी दचकू नये. 1949 मध्ये विलीनीकरण होईपर्यंत इंग्रजी मुलखातल्या कायद्याच्या लेखी आपल्या संस्थानाचं न्यायालयही परकीयच होतं!

प्रश्नकर्ता : दोघांचे आभार. मग असं करतो : नोटीस, आदेश यांना ‘बजावणी’, प्रत्यक्ष परिणामाला ‘अंमल’, न्यायालयामार्फत वसुलीला ‘दरखास्त’. ‘अधिकारिता’ला, म्हणजे कायद्याचा किंवा कोर्टाचा अधिकार कुठवर चालतो त्याला, ‘हद्द’ चालेल का?

उत्तर : पोलीस ठाण्यापुरतं चालेल, दादा. हद्द जमिनीवर आखता येते. कलम 75 मध्ये ‘अधिकारिता’च ठेवा.