डिझेलमधले ॲरोमॅटिक गट एचपीएलसीवर (नळीसारख्या कॉलममधून द्रव ढकलून घटक वेगळे करणारं यंत्र) नीट सुटत नाहीत, रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर पडायची वेळ) सरकतोय

संत्रानगरी_केमिस्ट

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये बीएस-६ डिझेलचे मोनो, डाय आणि ट्राय-प्लस (एक, दोन, तीन किंवा जास्त कड्यांचे) ॲरोमॅटिक आयपी ३९१ या चाचणी पद्धतीने काढतो. अमिनो कॉलम २५० × ४.६ मिमी, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) हेप्टेन १ मिली/मिनिट, इंजेक्शन १० मायक्रोलिटर, आरआय (अपवर्तनांक मोजणारा) डिटेक्टर. एप्रिल लागल्यापासून तीन भानगडी सुरू आहेत:

१. सायक्लोहेक्झेन आणि ऑर्थो-झायलीनमधलं रिझोल्यूशन (दोन पीक किती सुटे दिसतात ते) ५ च्या खाली आलं आहे. सगळे ॲरोमॅटिक पीक (आलेखातले उंचवटे) लवकर येतात.
२. बेसलाइन (आलेखाची पायाची रेघ) दुपारी वर चढते, संध्याकाळी उतरते.
३. नेहमीच्या टाकीतल्या डिझेलचं पीएएच (एकाहून जास्त कड्यांचे ॲरोमॅटिक) जवळजवळ निम्मं दाखवतंय. एका नमुन्यात मात्र ट्राय-प्लस उलट वाढलंय.

कॉलम गेला समजायचा का? नवा मागवायचा तर महिना जातो.

हेप्टेन_भाऊ

ताई, कॉलम फेकू नका. आधी सांगा, लॅबमध्ये एसी आहे की कूलर?

संत्रानगरी_केमिस्ट

इन्स्ट्रुमेंट रूममध्ये सध्या डेझर्ट कूलर आहे. एसी दुरुस्तीला गेलाय.

हेप्टेन_भाऊ

मग चोर सापडला. नागपूरचा उन्हाळा कोरडा खरा, पण कूलर खोलीत दिवसभर ओली हवा ढकलतो आणि हेप्टेनची बाटली सैल झाकणातून ती ओल घेते. हेप्टेनमध्ये पाणी मुरतं अगदी थोडं, पण कॉलममधल्या अमिनो फेजला (घटक धरून ठेवणाऱ्या भरावाला) तेवढं पुरतं. पाणी पृष्ठभागावर बसलं की ॲरोमॅटिक धरून ठेवायची ताकद जाते आणि पीक पुढे सरकतात. इंटिग्रेशनच्या खिडक्या (कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचा पीक कुठल्या गटात मोजायचा ते) जुन्याच वेळांवर ठेवल्या असतील, तर डाय-ॲरोमॅटिकचा पुढचा भाग मोनोच्या खात्यात जमा होतो. पीएएच म्हणजे डाय अधिक ट्राय-प्लस, म्हणून ते घटलेलं दिसतं. डिझेल तेच आहे, दोन गटांमधला कट चुकीच्या जागी पडतोय.

करायचं असं: ३Å मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) भट्टीत ३०० अंशांवर चार तास तापवा आणि डेसिकेटरमध्ये थंड करा. लिटरभर हेप्टेनला साधारण ५० ग्रॅम टाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळाच, नाहीतर सिव्हची भुकटी पंपाचं सील खाते. बाटलीच्या झाकणावर सिलिका जेलची नळी बसवा.

कॉलम डिटेक्टरपासून सोडवा, टोक वेस्टच्या बाटलीत. असंच सुकवलेलं डायक्लोरोमिथेन ०.५ मिली/मिनिटने तासभर. ३० मिली होतं, म्हणजे कॉलमच्या रिकाम्या जागेच्या दहापट. त्यानंतर कोरडं हेप्टेन किमान १०० मिली. ॲसिटोन अजिबात नको, कीटोन अमिनो गटाशी जोडला जातो आणि मग कॉलम खरोखरच जातो.

यानंतर सिस्टिम स्टँडर्ड (यंत्र तपासायचं माहीत घटकांचं मिश्रण) मारा. रिझोल्यूशन ५ च्या वर आलं तरच नमुना लावायचा. डाय आणि ट्राय-प्लसमधला कट डायबेंझोथायोफीन आणि ९-मेथिलअँथ्रासीनच्या त्याच दिवशीच्या वेळांवरून काढा, गेल्या महिन्याच्या मेथड फाइलवरून नको.

बेसलाइन_सरळ

बेसलाइनचा प्रश्न वेगळा आहे. आरआय डिटेक्टर तापमानाला फार हळवा. त्यातला सेल (द्रव जिथे मोजला जातो ती कुपी) ३५ अंशांवर ठेवलाय आणि दुपारी खोलीच ३७ वर गेली, तर हीटरला करायला कामच उरत नाही आणि सेल खोलीमागे फिरतो. सेल ४० वर ठेवा, कॉलम ओव्हनमध्ये घाला, रेफरन्स सेल (तुलनेसाठीची हेप्टेनची कुपी) त्याच बाटलीतल्या हेप्टेनने अर्धा तास धुवा. हेप्टेनची बाटली बदलली की रेफरन्सही पुन्हा भरायचा; हे हमखास राहतं. एसी येईपर्यंत नमुने सकाळी लवकर चालवा आणि कूलरचं तोंड इन्स्ट्रुमेंटकडे नको.

वाढलेल्या ट्राय-प्लससाठी त्या नमुन्याचा आयआर (अवरक्त वर्णपट) काढा. १७४५ सेंमी⁻¹ ला कार्बोनिलचा ठसठशीत पीक दिसला तर त्यात बायोडिझेल आहे. बायोडिझेलमधले मेथिल एस्टर या कॉलमवर उशिरा, ट्राय-प्लसच्याच आसपास उतरतात. तो भाग ॲरोमॅटिक म्हणून रिपोर्टात गेला तर गिऱ्हाइकाशी विनाकारण भांडण.

संत्रानगरी_केमिस्ट

आयआरमध्ये कार्बोनिल स्पष्ट आहे. कॉलम धुवायला लावलाय. याच नमुन्यांचं सल्फरही मागितलंय. आमच्याकडे बेंचटॉप एक्सआरएफ (क्ष-किरणांनी गंधक मोजणारं यंत्र) आहे, एएसटीएम डी ४२९४ या चाचणी पद्धतीवाला. चालेल?

हेप्टेन_भाऊ

नाही चालणार. त्या पद्धतीची खालची हद्दच १७ मिग्रॅ/किग्रॅ आहे आणि बीएस-६ ची मर्यादा १०. रिपोर्टात "१० पेक्षा कमी" लिहायला तुमच्याकडे आधारच नाही. यूव्ही फ्लुओरेसन्स, म्हणजे डी ५४५३, असलेल्या लॅबला पाठवा. नमुना काचेच्या गडद बाटलीत, तिला रबरी बूच नको, रबरात गंधक असतं.

बेसलाइन_सरळ

आणि घनता लिहिताना १५ अंशांवरचीच लिहा. डिझेलची घनता अंशामागे साधारण ०.०००७ ग्रॅम/मिली ने बदलते. ४० अंशांवर हायड्रोमीटर ०.८१५ दाखवत असेल तर १५ वर ती ०.८३२-०.८३३ होते. तसंच ०.८१५ लिहून दिलं की वाचणारा रॉकेलची भेसळ समजून मोकळा होतो.