ग्राही, ग्राहक की रिसेप्टर?

प्रश्न : एका शोधनिबंधाचं भाषांतर करते आहे. विषय, मानवी वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरचं (म्हणजे ते प्रथिन धरणाऱ्या, पेशीवरच्या रेणूचं) क्लोनिंग आणि कॅरॅक्टरायझेशन. मी लिहिलं, 'मानवी वृद्धिघटकाच्या ग्राहकाचे प्रतिरूपण व वर्णन'. खटकतंय, पण नेमकं कुठे ते कळत नाही.

प्रतिसाद : आधी 'ग्राहक' काढा. 'ग्रह्' म्हणजे घेणे, त्यामुळे व्युत्पत्ती बरोबर आहे. पण हा शब्द दुकानदारांनी कधीच नेला. 'ग्राही' चांगला. 'संवेदक'ही सुचेल, पण तो सेन्सरसाठी राहू द्या.

'प्रतिरूपण' मात्र दिशाभूल करतं. वाचणाऱ्याला डॉली ही क्लोन केलेली मेंढी आठवेल. इथे पेशीतल्या एमआरएनएवरून (जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूवरून) डीएनएची प्रत करतात, ती जिवाणूत किंवा जिवाणूभक्षी विषाणूत घालून वाढवतात आणि असंख्य वसाहतींतून हवी ती हुडकून काढतात. ही हुडकण्याची छटा 'प्रतिरूपणा'त येतच नाही. 'क्लोनिंग'च ठेवा, आधी 'जनुक' जोडा.

'वर्णन'ही तोकडं पडतं. ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहीचं १९८४ मधलं काम बघा. डीएनएचा क्रम वाचल्यावर कळलं की तयार प्रथिनात ११८६ अमिनो आम्लं आहेत : ६२१ पेशीबाहेर, २३ पेशीच्या पटलात, ५४२ आत. याला मी 'गुणधर्मनिश्चिती' म्हणेन.

दुसरा प्रतिसाद : 'ग्राही' मान्य, पण तो अर्धंच सांगतो. त्याच वर्षी दिसलं की कोंबड्यांत रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूचं जनुक म्हणजे याच ग्राहीचं छाटलेलं रूप आहे. बाहेरचा, ईजीएफ धरणारा भाग जवळजवळ गेलेला, तरी आतला भाग पेशीला 'वाढ, वाढ' सांगतच राहतो. धरणं गेलं, निरोप देणं उरलं. म्हणून पहिल्या उल्लेखात 'निरोप आत पोचवणारा ग्राही' एवढं तरी लिहा.

आणि 'वृद्धिघटक' का? घटक म्हणजे एखाद्या गोष्टीचा भाग. स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले. त्यामागचं प्रथिन म्हणजे ईजीएफ, अवघं ५३ अमिनो आम्लांचं. ते वाढीचा भाग नाही, वाढ घडवतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'करणारा' असाच आहे. 'वृद्धिकारक' लिहा.

प्रश्नकर्ती : मग असं करते : 'मानवी वृद्धिकारकाच्या ग्राहीचे जनुक-क्लोनिंग व गुणधर्मनिश्चिती'. अनेकवचनी 'ग्राही'च ठेवू ना? 'ग्राह्या' कानाला अगदीच परका वाटतो.

प्रतिसाद : हो. तो ग्राही, ते ग्राही. हत्तीसारखंच.