सर्टिफिकेट शाळेत जमा आहे, पण वर्गात सवलत मिळत नाही

ओझर_मिग: मुलगा सातवीत आहे, सेमी इंग्रजी, खाजगी अनुदानित शाळा. डिस्लेक्सिया (वाचनात अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्यात अडचण). सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र गेल्या वर्षी हातात आलं, तेव्हाच मुख्याध्यापकांना नेऊन दिलं. "काळजी करू नका ताई" म्हणाले, चहा पाजला, आणि कागद कपाटात गेला तो गेलाच.

परवा इतिहासाच्या घटक चाचणीचा पेपर घरी आला. अष्टप्रधान मंडळ पोराला तोंडपाठ आहे, कोणाकडे कोणतं खातं तेही सांगतो. पेपरात 'प्रधान'चं 'पर्धान', 'सुमंत'चं 'सुंमत', 'न्यायाधीश' तर ओळखूच येत नाही. प्रत्येकाला लाल गोल आणि अर्धा मार्क कट. शेवटचा प्रश्न कोराच, कारण घंटा झाल्या झाल्या पेपर ओढून घेतला. जादा वेळेचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "सवलती दहावीच्या बोर्डाला असतात. आत्तापासून कुबड्या कशाला?"

बाई वाईट नाहीत हो, वर्गात साठ पोरं आहेत. पण आता मुलंही त्याला 'सर्टिफिकेटवाला' म्हणायला लागलीत. याच शाळेत अजून तीन वर्षं काढायची आहेत, त्यामुळे भांडण नकोय. करू काय?

खडूफळा: निवृत्त शिक्षक आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. त्या बाईंनी तुमचं प्रमाणपत्र बहुतेक पाहिलेलंच नसणार. आणि पाहिलं असलं तरी त्यात बुद्ध्यांक आणि चाचण्यांची नावं. त्यावरून इतिहासाच्या तासाला नेमकं काय करायचं हे कसं कळावं?

एक पान तयार करा, एकच. विषयवार. इतिहास-विज्ञान: आशय बरोबर असेल तर शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. गणित: उदाहरणं फळ्यावरून उतरवायला न लावता छापील द्यावीत. भाषा: वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नये. मुख्याध्यापकांची सही घ्या आणि प्रत्येक शिक्षकाच्या हातात स्वतः द्या.

जादा वेळेचं दुखणं वेगळं आहे. परीक्षेला वर्गावर सुपरव्हिजनला भलतेच शिक्षक असतात. घंटा झाली की त्यांना गठ्ठा मोजून जमा करायचा असतो. एक पोरगं लिहीत बसलं तर ते त्याच्यासाठी थांबणार, की पुढच्या वर्गावर जाणार? म्हणून परीक्षाप्रमुखांना आधीच गाठा. बैठक व्यवस्थेतच त्याची जागा ग्रंथालयात किंवा कार्यालयाशेजारी लावून घ्या. हे केलं नाही तर कितीही सह्या आणा, घंटेला पेपर जाणारच.

ठाणेकर_बाबा: "दहावीलाच असतात" हे साफ चूक. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत अध्ययन अक्षमता येते (डिस्लेक्सिया, डिसग्राफिया त्यातच). कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत मुलाच्या गरजेनुसार सोय व्हायला हवी. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. इयत्ता कुठेच लिहिलेली नाही.

चहा पिऊन परत येऊ नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. आमच्याकडे निम्मं काम त्या शिक्क्यानेच झालं. नाही हललं तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, त्यापुढे पुण्याचे दिव्यांग आयुक्त.

तास_चौथा: मी शिक्षिका आहे, राग येईल पण बोलते. त्याचे मार्क कापले नाहीत की दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलीची आई वही घेऊन हजर: "हिचे का कापले?" तेव्हा माझ्याकडे मुख्याध्यापकांचा लेखी आदेश नसेल तर मी एकटी तोंडघशी पडते. तोंडी सांगितलेलं स्टाफरूममध्ये विरतं. त्यामुळे तो शिक्क्याचा कागद बाईंच्या विरोधात आहे असं समजू नका, त्यांनाही तो हवाच असतो. आणि 'सर्टिफिकेटवाला' हे वर्गशिक्षिकेच्या कानावर आजच घाला, त्याला कुठलाही शासन निर्णय लागत नाही.

ओझर_मिग: सगळ्यांचे आभार. अर्ज दिला, शिक्का मिळाला (क्लार्कने आधी "ठेवून जा" म्हणून पाहिलं). एक पानही वाटलं. गणिताचे सर लगेच झेरॉक्स द्यायला लागले. इतिहासाच्या बाईंनी पान नीट वाचलं, "बघते" म्हणाल्या. सहामाहीला कळेल.

एक राहिलं. त्याला लेखनिक नकोय. म्हणतो, माझं मीच लिहिणार, फक्त वेळ द्या. दोन्ही घ्यावंच लागतं का?

ठाणेकर_बाबा: नाही. हवी तेवढीच सवलत मागायची. अर्जात फक्त जादा वेळ लिहा, तासाला २० मिनिटं धरून. माझ्या मुलाने दहावीला लेखनिक घेतला नव्हता, भूमितीच्या पेपरला रडकुंडीला आला पण घेतला नाही.